माझ्या वाटची भाकरी

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

ती. आक्का,
नमस्कार.

फोनवर तू "काय? काय?" करत राहतेस, मी ओरडत राहते आणि शेजारचे गॅलरीत येऊन बघतात. म्हणून आता पत्र. कानाचं मशीन तू डब्यात ठेवून दिलंयस हे मला माहीत आहे, पप्पांना सांगितलेलं नाही. लिहायला तूच शिकवलंस, तेव्हा वाचायचा त्रासही तुलाच.

काम असं आहे. मी एक पुस्तक लिहिते आहे, नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी. बहात्तरच्या दुष्काळातल्या एका शेतकरी घराची गोष्ट. शेंद्र्याच्या कंपनीत मी दिवसभर सुट्या भागांची मापं तपासते. तिथं केसाएवढी चूक चालत नाही, आणि ती सवय आता पुस्तकालाही लागली आहे. एक वाक्य लिहिलं की वाटतं, हे असंच होतं का? चुकीचं लिहून मुलांना फसवलं तर? प्रकाशनातल्या हिमानीताई म्हणतात, एवढी भीती असेल तर घरातल्या माणसांना विचार. घरात विचारायला तू एकटीच उरलीस.

आजोबा असताना विचारायचं राहून गेलं. म्हणजे मी विचारलं होतं, पण दुष्काळाचं नाव काढलं की ते चपला घालून बाहेर निघून जायचे. तू त्यांची सख्खी बहीण, तुला त्यांचा स्वभाव ठाऊकच आहे.

तर मला सांग. तुम्ही काय खायचात? अंगावर काय असायचं? मोठी माणसं कामावर गेली की घरी कोण असायचं? आणि गयाबाई पणजी दिसायची कशी? आमच्या हॉलमध्ये धोंडिबा पणजोबांचा फोटो आहे, आता आजोबांचाही आहे. पणजीचा नाही. लहानपणी मी एकदा विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, "तिचा नको." का, ते सांगितलं नाही.

शाळेत जायच्या आधीची तुझ्याकडची दोन वर्षं मला फार आठवतात. तू परातीत चुलीची राख पसरायचीस आणि माझं बोट धरून अक्षरं काढायचीस. शेजारच्या तनुजाची आई तिला पिठात शिकवायची, म्हणून मी एकदा पिठाला हात लावला तर तू माझ्या हातावर फटका मारलास. तुझ्या हातचा तो एकच मार. आणि मला भरवताना पहिला घास नेहमी तू खायचीस. मी "उष्टं नको" म्हणून रडायचे, पण तू ऐकायची नाहीस.

उत्तर सावकाश दे, पण दे.

तुझी,
सायली

•

अजिंठा
२५ जानेवारी

चि. सायलीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर तुझं अजून तसंच, पोरं रांगेत बसवल्यावानी. राखेत एक 'क' काढायचीस अन् दहादा पुसायचीस. मी म्हणायची, बाई, राख संपंल पण तुझा क नाय व्हायचा.

दुष्काळात मी अकरा वर्षांची. तुझा आजा फकिरा चौदाचा. अन् गोकुळ चार वर्षांचा. गोकुळ तुला ठाऊक नाय. आमचा सगळ्यात धाकटा. त्याच साली गेला, पटकीनं, म्हंजी कॉलऱ्यानं. मला आक्का म्हणणारा तोच पहिला. त्याचं ऐकून सगळं गाव म्हणाया लागलं, फकिरा तेवढा शेवटपर्यंत चतुरे म्हणायचा.

बाप अन् फकिरा सडकेच्या कामावर खडी फोडायला. तिकडंच मुक्काम, बाजाराच्या दिवशी घरी. आई पाझर तलावावर माती वाहायची. तिथं पोरांना सुकडी मिळायची, गोड भुकटी. गोकुळ ती हातावर घ्यायचा अन् कोपरापर्यंत चाटायचा. लोक हसायचे.

खायला रेशनची लाल ज्वारी. अमेरिकेची. मिलो म्हणायचे. तिची भाकरी तांबडी, थापताना फाटायची अन् घशात आडकायची. माणसं शिव्या देऊन खायची. आम्हा पोरांना काय, लाल दाणा दिसला की आनंद.

अंगावर जे असंल ते. गोकुळला आईनं बियाण्याच्या पिशवीचा सदरा शिवला होता. पाठीवर पिशवीचा छापा तसाच.

आई उंच होती. हात मोठे. बोलायची कमी. तिचा एक फोटो माझ्या पेटीत आहे. आता मागू नको.

शेळी व्याली. दोन करडं आहेत. तुझ्या बापाला सांग, मशीन कानाला टोचतं.

आक्का

•

पुंडलिकनगर
९ फेब्रुवारी

ती. आक्का,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटायला आलं आहे. कोपरापर्यंत चाटलेली सुकडी मी तशीच पुस्तकात घेतली. गोकुळबद्दल आम्हाला कुणीच कसं सांगितलं नाही? पप्पांनाही माहीत नव्हतं. आपला एक आजोबा चार वर्षांचाच राहिला, ही गोष्ट मनातून जात नाही.

पुस्तकातल्या मुलीचं नाव मी रत्नमाला ठेवलं आहे, घरचे रत्ना म्हणतात. तिलाही धाकटा भाऊ आहे. पण पुस्तकातला भाऊ जगतो. हिमानीताईंचं म्हणणं आहे की मुलांच्या पुस्तकात मूल मरू नये. मलाही ते बरं वाटलं.

एक पान सोबत पाठवते. हे तू सांगितलेलं नाही, मी मनानं रचलं आहे, म्हणून जास्त भीती वाटते. त्यातलं थोडं इथंच लिहिते:

"घरात मोठं माणूस नव्हतं आणि भाऊ भाकरी मागत होता. रत्नानं गाडग्यातली लाल ज्वारी काढली, जात्यावर दळली आणि आयुष्यातली पहिली भाकरी थापली. ती नकाशासारखी झाली. भावानं ती दोन्ही हातांत धरली आणि तो हसला."

अकरा वर्षांच्या मुलीला एकटीला जातं ओढता येईल ना? चुकलं असेल तिथं ओळीखाली रेघ मार. आणि सदऱ्यावरचा छापा कसला होता ते कळव. चित्रं काढणारीला दाखवायचा आहे.

तुझी,
सायली

•

अजिंठा
२ मार्च

चि. सायली,

भाकरीचं पान काढून टाक. सगळं पान. बाकीचं राहू दे.

छापा आठवत नाय.

आक्का

•

पुंडलिकनगर
१६ मार्च

ती. आक्का,

तुझं दोन ओळींचं पत्र आल्यापासून मी कुठं चुकले ते शोधते आहे. तू पान परत पाठवलंस, पण त्यावर एकही रेघ नाही. आधी वाटलं, जात्याचं चुकलं. मग वाटलं, अकरा वर्षांच्या मुली तेव्हा भाकरी करतच असतील, पहिली भाकरी म्हटलं ते तुला खोटं वाटलं.

शेवटी मी मुकुंदरावांकडे गेले. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, शेतीखात्यातून निवृत्त आहेत. त्यांनी जे सांगितलं त्यावरून सगळं लक्षात आलं. त्या सुमाराला हायब्रीड ज्वारीचं बी नवीन आलं होतं. त्याला कीड लागू नये म्हणून विषारी औषध चोळलेलं असायचं आणि त्या औषधानं दाणे लाल दिसायचे. पिशवीवर कवटीचं चित्र छापलेलं असायचं. पिशवीतून काढलं की ते बी आणि रेशनची लाल ज्वारी शेजारी ठेवून ओळखू येत नसे.

म्हणूनच तू पान काढ म्हणालीस ना? गाडग्यातले लाल दाणे काढून दळले, असं मी सहज लिहून गेले, आणि त्यातला धोका मला ठाऊकही नव्हता. तुला तो ठाऊक असणार. तुझा राग बरोबर होता.

पान मी काढलं नाही, दुरुस्त केलं. आता रत्ना दाणे ओंजळीत घेते, तिला औषधाचा उग्र वास येतो, ती ते लांब नेऊन मातीत पुरते आणि भाऊ वाचतो. मुकुंदराव म्हणाले, हुशार पोरगी असेल तर वासावरून सहज ओळखेल. आता ते पान माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान आहे.

गोकुळच्या सदऱ्यावरचा छापा कवटीचा होता का ग?

तुझी,
सायली

•

पुंडलिकनगर
६ एप्रिल

ती. आक्का,

तीन आठवडे झाले. पप्पांनी काल तुझ्या शेजारच्या पुंजारामकाकांना फोन केला. तू बरी आहेस, शेळ्या घेऊन रोज बांधावर जातेस, असं ते म्हणाले. मग मला का लिहीत नाहीस? मी काही लागेल असं लिहिलं का? माझं पत्र मला आठवतंय, त्यात तसं काही सापडत नाही. एक ओळ पाठव. नुसती शिवी लिहिलीस तरी चालेल.

सायली

•

अजिंठा
२० एप्रिल

चि. सायली,

तू लागेल असं काय लिहिलं नाय. तुझं पहिलं पानच खरं होतं. कुणी न सांगता ते तुझ्या हातून कसं उतरलं, याचाच मला घोर लागला.

मुकुंदरावांना सांग, पोरगी हुशार होती. चौथीत पहिली आली होती. तिला वास आला नाय.

चैत्र होता. गोकुळ रोज आईसंगं तलावावर जायचा, सुकडीसाठी. त्या दिवशी त्याची टाच चिरली होती, म्हणून आई म्हणाली, राहू दे घरी, ध्यान ठेव. तो दुपारपर्यंत गप बसला. मग भाकर दे म्हणून माझा परकर धरून फिराया लागला. टोपल्यात काय नव्हतं. रेशनची ज्वारी संपून दोन दिवस झाले होते. मी उतरंडीचं एकेक मडकं खाली काढलं. सगळ्यात खालच्या गाडग्यात लाल दाणे निघाले. मला वाटलं, आईनं आडीनडीला ठेवलेत. आम्हाला लाल म्हंजी रेशनची ज्वारी. पेरायचं बी पांढरं असतं, एवढंच जन्मापासून बघितलेलं. हायब्रीड बापानं त्या सालीच पहिल्यांदा आणलं होतं. पाऊस झाला नाय, पेरलंच नाय. पिशवीचं कापड धड होतं, म्हणून आईनं बी गाडग्यात ओतलं अन् पिशवीचा सदरा शिवला.

छापा कवटीचाच होता. आळीतली पोरं त्याला भूत आलं भूत आलं म्हणून पळायची अन् तो हसत मागं लागायचा. जी खूण दाण्यांवर पायजे होती ती पाठीवर घालून तो माझ्याम्होरं बसला होता, भाकरीची वाट बघत.

मी दाणे धुतले बी नाय. धुवायला पाणी कुठं होतं?

आई दिवस मावळताना आली. तोवर गोकुळ ओकून ओकून गळला होता. तिनं जातं बघितलं. माझी बोटं बघितली, लाल झाली होती. रांजणात तांब्याभर पाणी होतं, दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवायचं. ते सगळं तिनं माझ्या हातांवर ओतलं अन् चोळून चोळून धुतलं. त्या अख्ख्या वर्षात तेवढं पाणी माझ्या हाताला लागलं नव्हतं. मग माझं तोंड दोन्ही हातांत धरलं अन् म्हणाली, "तू दळलं नाहीस. मी दळलं. कुणी बी विचारू दे, हेच सांगायचं."

बैल छावणीत होते, गाडी जुंपायला नव्हते. आईनं त्याला पाठीवर घेतला अन् दवाखान्याची वाट धरली. तिसऱ्या दिवशी तशीच पाठीवर घेऊन आली.

गावाला पटकी सांगितली. बापाला अन् फकिराला आईनं ठरवलं होतं तेच सांगितलं. बाप मारणारा नव्हता. नुसता म्हणाला, "आता तुझ्या हातचं नको." त्यानंतर आई अकरा वर्षं जगली. त्यानं तिच्या हातची भाकरी खाल्ली नाय. फकिरानं बी नाय. मग त्यांना भाकरी कोण करायचं? मी. दोघं माझ्या हातची खायचे, अन् आई उंबऱ्याला बसून बघायची. सासरी गेले तेव्हा आईनं मला सांगितलं, आता तुझा बाप जेवंल काय, त्याची सोय लावून जा. तिला त्याचीच काळजी.

मी आधी भ्याले. मग मोठी झाले, तर वाटलं, आता लई उशीर झाला. मग आई गेली. मग वाटलं, आता सांगून कुणाला काय मिळायचं. माणसाला गप बसायला कायतरी कारण सापडतंच.

दोन सालामागं तुझा आजा दवाखान्यात होता, मी उशाशी होते. कान तेव्हा चांगले होते माझे. तो म्हणाला, "चतुरे, मी आईला माफ केलं बघ." सायली, मी मान हलवली. बोलायला आठ दिवस होते माझ्याकडं. मी नुसती मान हलवली.

संगं आईचा फोटो आहे. वेरूळच्या जत्रेत काढलेला, गोकुळ व्हायच्या आधी. तुमच्या भिंतीला लाव. तुझ्या बापाला हे पत्र वाचून दाखव, सगळं. अन् पुस्तकात वास आला असं लिहू नको.

आक्का

•

पुंडलिकनगर
४ मे

ती. आक्का,

हे पत्र मी सहा वेळा लिहून फाडलं. कारण तू माझी आक्का आहेस आणि "हुशार पोरगी असेल तर" हे शब्द मी माझ्या हातानं लिहून, तिकीट लावून तुला पाठवले. मी पानाचं माप तपासत बसले आणि समोर कोण आहे ते बघितलं नाही. त्याबद्दल मी माफी मागत नाही. आजोबांच्या त्या "माफ केलं"नंतर तो शब्द आता आपल्या घरात कसा वापरायचा ते मला कळत नाही.

पप्पांना पत्र वाचून दाखवलं. ते हातोडी घेऊन उठले आणि आजोबांच्या फोटोशेजारी खिळा ठोकला. फोटो लावल्यावर आजोबांकडे बघत म्हणाले, "दादांना हे कळायला पाहिजे होतं." एवढंच. मग आईला म्हणाले, आज भाकरी टाक. पहिली भाकरी त्यांनी ताटलीत घालून पणजीसमोर ठेवली. तुझ्यावर रागावले का, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, ती अकरा वर्षांची होती ग. पण तू गप्प राहिलीस त्या पुढच्या वर्षांबद्दल ते काही बोलले नाहीत. तुला खरं सांगायचं ठरवलं आहे, म्हणून तेही लिहिते.

फोटोत पणजीचे हात खरंच मोठे आहेत.

तू पहिला घास का खायचीस तेही समजलं. आणि त्यावरून मी किती रडायचे!

हिमानीताईंना नवं पान दिलं. त्यांनी वाचून डोळे पुसले आणि म्हणाल्या, हे मुलांना कसं द्यायचं? मी म्हटलं, हे एका मुलीलाच मिळालं होतं. त्या विचार करून सांगणार आहेत. छापतील की नाही, ठाऊक नाही. पान मी बदलणार नाही. ते असं आहे:

"घरात मोठं माणूस नव्हतं आणि भाऊ भाकरी मागत होता. गाडग्यात लाल दाणे होते. रत्नाला वाटलं, रेशनची ज्वारी. तिनं ते दळले आणि भाकरी केली.

.......................................

भाऊ तिसऱ्या दिवशी गेला. आई रत्नाला म्हणाली, तू दळलं नाहीस, मी दळलं. पुढं अकरा वर्षं आईनं ते खरं करून दाखवलं. तिचं नाव गयाबाई होतं."

मध्ये एक ओळ मी कोरी ठेवली आहे. तिथं काय झालं ते मला माहीत नाही आणि या वेळी मी मनानं रचणार नाही. तुला लिहायचं नसेल तर ती कोरीच छापायला सांगेन.

रविवारी मी आणि पप्पा अजिंठ्याला येतो आहोत. जेवायला तुझ्याकडेच. भाकरी तू कर.

तुझी,
सायली

•

अजिंठा
१२ मे

चि. सायली,

काल तुम्ही आलात. तुझा बाप माझ्या हातच्या दोन भाकरी जेवला अन् पायाही पडला. त्याच्यासमोर हे तोंडानं सांगायचं ठरवलं होतं, पण पुन्हा जमलं नाय. म्हणून लिहिते. आता लिहिल्याबिगर राहवत नाय.

कोरी ओळ का ठेवलीस ते मला कळलं. दोघं भुकेले होते, भाकरी एकच होती, मग आक्का कशी जगली, हे तुला विचारायचं होतं. विचारलं नायस. आईनं बी कधी विचारलं नाय.

मी भाकरीचे दोन वाटे केले. पोळत होती म्हणून फुंकर घातली. त्यानं त्याचा वाटा खाल्ला. मी माझा तोंडाजवळ नेला होता. तर त्यानं हात पुढं केला अन् म्हणाला, "आक्का, आणिक."

ती ओळ अशी लिही. रत्नानं तिच्या वाटची भाकरी बी त्यालाच दिली.

चांगली बहीण होती असं काय फुडं जोडू नको. दिली, एवढंच लिही.

आक्का